सुभेदाराला घेऊन सोनईला

पुण्याहून सोनईला जाण्यात वर्णन करण्यासारखं काही नाही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. नगर रस्त्यानं सरळ जायचं, नगरला जेवायचं, औरंगाबादच्या रस्त्याला लागायचं, घोडेगावाशी वळायचं, की दुपारच्या चहाला सोनई. एस.टी.नं जाऊन आलेली माणसं असंच सांगतात आणि त्यांचं खरंही आहे. पण त्यांच्याबरोबर सुभेदार नसतो.

सुभेदार हा माझ्या सासऱ्यांचा कुत्रा. रंगानं तांबूस, जातीनं गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यावर ते सोनईला स्वतःच्या घरी राहायला गेले. पुढे सासूबाई वारल्या, तेव्हा मंगला, म्हणजे माझी बायको, त्यांना पुण्याला घेऊन आली. सुभेदार मागाहून कांद्याच्या ट्रकमधून अण्णांच्या खाटेबरोबर आला. वाटेत त्यानं जे काही केलं, त्यानंतर त्या ट्रकवाल्यानं आमच्या गल्लीत येणं सोडलं.

वर्षभर बरं चाललं. मग दिवाळी झाल्यावर अण्णा एके दिवशी म्हणाले, आता सोनईला जायचं. भांडण नाही, रुसवा नाही. "इथं सकाळी उठल्यापासून मी कुणाच्या वाटेत तर येत नाही ना, एवढंच बघत असतो," ते म्हणाले. "तिथं माझं घर आहे."

"एकटे कसे राहाल?" मंगलानं विचारलं.

"एकटा कुठं? सुभेदार आहे की. तो असेल तिथं मी."

एस.टी.त कुत्रं घेत नाहीत. आगगाडीत कुत्र्यांसाठी पेटी असते, पण अण्णांनी नोकरीत त्या पेटीतून इतकी परकी कुत्री नेली होती, की स्वतःचं कुत्रं तिच्यात घालायला ते तयार नव्हते. राहिली माझी सेकंडहँड फियाट. त्यातही अण्णांची अट होती. वाटेत सुभेदार ओकला, तर गाडी तिथूनच माघारी फिरवायची. मुक्या जनावराचे हाल करून आपल्याला घर गाठायचं नाही.

अशा रीतीनं सोनईचा सगळा बेत एका कुत्र्याच्या पोटावर येऊन ठेपला.

वाघोलीपर्यंत, मग शिक्रापूरपर्यंत

पहिल्या खेपेला आम्ही वाघोलीपर्यंत गेलो. दुसऱ्या खेपेला शिक्रापूरपर्यंत. दोन्ही वेळा सुभेदारानं आधी जांभया दिल्या, मग ओठ चाटले, मग तोंडातून लाळेच्या तारा सोडल्या आणि मग माझ्या सीटच्या पाठीवर सगळं मोकळं केलं. अण्णांनी खिशातला रुमाल काढून खिडकीबाहेर हलवला. गार्डाची सवय. गाडी फिरली.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, निघण्याआधी आठ तास काही खायला घालू नका. घोटभर पाणी चालेल. काच उघडी ठेवा. मागच्या सीटवर इकडून तिकडे फिरू देऊ नका, खाली पायाशी बसवा, त्याचं रोजचं पोतं अंथरा. तासाभरानं उतरवून पाय मोकळे करा. आणि मुख्य म्हणजे त्याची गाडीशी ओळख करून द्या. मी विचारलं, ओळख म्हणजे कशी? ते म्हणाले, नव्या सुनेला घराशी करून देतात तशी, हळूहळू.

ओळख करून द्यायचं काम मंगलाकडे आलं, कारण दिवसभर मी कचेरीत. ती संध्याकाळी बंद गाडीचं दार उघडून सुभेदाराबरोबर आत जाऊन बसायची. तिथं त्याला जेवायला घालायची. आठवडाभरानं इंजिन चालू करून नुसतं बसायचं. मग मी कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायची, मग पर्वतीपर्यंत. गल्लीतली माणसं आधी हसली, मग त्यांना सवय झाली. शेजारच्या काकू तर मंगलाशी बोलायला येऊन गाडीतच बसू लागल्या. सुभेदार त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपायचा.

उपायांना तोटा नव्हता. कुणी सांगितलं, कुत्र्याखाली वर्तमानपत्र घाला. कुणी सांगितलं, ओवा भाजून पुरचुंडी गळ्यात बांधा. गॅरेजवाल्यानं गाडीच्या मागं जमिनीला लागेल अशी साखळी बांधून दिली आणि म्हणाला, आता सगळी वीज जमिनीत जाईल. कसली वीज, ते मी विचारलं नाही. वर्तमानपत्र, ओवा आणि साखळी, तिन्ही घेऊन आम्ही निघायचं ठरवलं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. डॉक्टरांनी सांगण्याआधीही, त्या दोन्ही खेपांना आदल्या रात्रीपासून सुभेदाराला आपण उपाशी ठेवलंय, असं आम्ही मानत होतो. तरी माझ्या सीटवर जो काही ऐवज पडला, त्यात दहीभात होता. मी अण्णांना म्हटलं, शेजारपाजारचं कुणीतरी घालत असेल. अण्णा म्हणाले, असेल. या खेपेला त्यांनी सुभेदाराला रात्रभर आपल्या खाटेच्या पायाला बांधून ठेवलं.

पुणे ते सुपा

सकाळी उंबरठ्यावर मंगलानं सगळ्यांच्या तळहातावर दही-साखर घातली. आमच्याकडं कुणी रिकाम्या तोंडानं वाटेला लागत नाही. परीक्षेला जाणारा असो, ऑपरेशनला जाणारा असो, हातावर दही पडतंच. अण्णांना घातलं, मला घातलं, आणि सुभेदारापुढंही तिनं हात धरला. तो घरचाच. एवढंसं दही, त्याला कोण काय बोलणार?

अण्णांनी रुमाल हलवला. आम्ही निघालो.

वाघोली गेली. शिक्रापूर गेलं. ताशी पंचवीस मैलांच्या वर मी जात नव्हतो. उसाच्या बैलगाड्या तेवढ्या आमच्या मागं पडत होत्या, बाकी सगळं जग आम्हाला मागं टाकून जात होतं. ब्रेक लावताना जरा हिसका बसला, की मागून अण्णांचा आवाज यायचा, "जावईबापू, डबे आपटले." सुभेदार पोत्यावर हनुवटी टेकून पडला होता. जांभई नाही, लाळ नाही. घोडनदीचा पूल ओलांडून आम्ही नगर जिल्ह्यात शिरलो, तेव्हा अण्णांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली.

पुलापलीकडे मुलूख बदलतो. झाडं विरळ होतात, आभाळ खालपर्यंत येतं, माळावर मेंढरं आणि त्यांच्यामागं घोंगडं घेतलेला एखादाच माणूस दिसतो. यंदा पाऊस बेताचाच झाला होता. ज्वारी गुडघ्याएवढी उभी होती आणि तिच्यावरून येणारा वारा चांगला गार होता. मला हा मुलूख आवडतो. पुण्याची माणसं त्याला रुक्ष म्हणतात, पण ती शिरूरच्या पुढं डोळे मिटून बसलेली असतात.

सुप्याला चहासाठी थांबलो. पत्र्याचं हॉटेल, बाहेर दोन बाकडी, भज्यांची कढई. मंगला सुभेदाराला घेऊन पाय मोकळे करायला मागच्या बाजूला गेली. अण्णा आणि मी चहा घेतला. हॉटेलवाला मोठा बोलका निघाला. आम्ही कुठून आलो, कुठं चाललो, गाडी स्वतःची की साहेबाची, सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "अन् कुत्र्याला आजून एक पाव देऊ का?"

"आजून म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"आता बाईंनी नेला न्हाई का दुधात कुस्करून. लई भुकेलं हुतं वं बिचारं. वाडगा चाटून पुसून ठिवला."

अण्णांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली. "नको," ते म्हणाले. "तेवढा पुरे."

माझ्या डोक्यात आत्ता कुठं प्रकाश पडला. दहीभाताचा उगम शेजारी नव्हता, आमच्याच स्वयंपाकघरात होता. संध्याकाळी गाडीत बसून जी बाई कुत्र्याला मन लावून शिकवत होती, तीच निघायच्या दिवशी त्याचं पोट भरून सगळं पाण्यात घालत होती. मी अण्णांकडं पाहिलं. ते दूर माळाकडं पाहत होते.

मंगला पदराला हात पुशीत आली. आम्ही निघालो.

कामरगावच्या अलीकडे

सुभेदारानं जांभई दिली. मग ओठ चाटले. मी गाडी बाजूला घेतली, पण उशीर झाला होता. दूध-पाव अण्णांच्या धोतरावर.

रस्त्याच्या कडेला विहीर होती. एक म्हातारीशी बाई तिथं धुणं धूत होती. मी बादली मागितली, तशी ती उठूनच आली. "काय झालं वं? गाडी बिघडली का?"

"कुत्र्याला गाडी लागली."

"आता गं बया!" तिनं आत डोकावून पाहिलं. "माज्या सुनंला बी लागती. माहेरला निगाली की शिरगोंद्यापतूर डोळं पांढरं करती. पर कुत्र्याला लागल्याली आजच बघितली." तिनं अण्णांच्या धोतराचा सोगा त्यांना विचारल्याशिवाय ओढून घेतला आणि खळाखळा धुऊन दिला. "उपाशी हाय का ते? भाकर आनू?"

"नको," आम्ही तिघंही एकदम म्हणालो. बाई जरा दचकली आणि धुण्याकडं परत गेली.

अण्णा बाभळीखाली दगडावर बसले. सुभेदार त्यांच्या पायाशी. ओकून झाल्यावर त्याला फार बरं वाटतं, तसं त्याला आत्ताही वाटत होतं. मंगला उभीच होती.

"मीच घातलं," ती म्हणाली. "तिन्ही वेळा. मला तुम्हाला जाऊ द्यायचं नव्हतं, अण्णा. घरात आम्ही दोघंच. तुम्ही आलात तेव्हापासून घरात कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज येतो, मला बरं वाटतं. तुम्ही अट घातलीत ना, तेव्हाच माझ्या मनात आलं."

"मला ठाऊक होतं," अण्णा म्हणाले.

"कधीपासून?"

"वाघोलीपासून. दहीभाताला जिऱ्याची फोडणी होती. शेजारच्या बाई जिरं घालत नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णांनी सुभेदाराचा पडलेला कान उभा केला. तो पुन्हा पडला. "आपल्याला कुणीतरी परत घेऊन चाललंय, ते बरं वाटत होतं गं," ते म्हणाले. "आणखी एकदा, आणखी एकदा, म्हणून गप्प बसलो. पण मंगल, मी तुझ्याकडं राहिलो तर चांगला राहीन, पण दुसऱ्याच्या घरात राहीन. माझ्या घरात मला अजून थोडं राहायचंय."

रडू मंगलाला सहज येत नाही. त्या दिवशी आलं. मी साखळी नीट लोंबते आहे का, ते पाहायला गाडीच्या मागं गेलो आणि बराच वेळ पाहत राहिलो.

परत आलो, तेव्हा अण्णा म्हणाले, "अट मोडलीय. कुत्रं ओकलं. आता गाडी कुणीकडं न्यायची, ते तूच सांग."

रस्ता दोन्ही बाजूंना सारखाच मोकळा होता. मी चावी हातात घेऊन उभा होतो आणि खरं सांगायचं तर मलाही पुण्याकडंच वळावंसं वाटत होतं. म्हातारा खोकला की मलाही बरं वाटतं, हे मला तिथं बाभळीखाली कळलं.

मंगला मागचं दार उघडून आत बसली. पोतं झटकून पुन्हा अंथरलं. "नगरकडं," ती म्हणाली. "आणि आता याच्या तोंडाला कुणी काही लावलं, तर माझ्याशी गाठ आहे."

नगर

नगरला मुक्काम मंगलाच्या मावसबहिणीकडे, कुसुमकडे, माळीवाड्यात. कुसुमकडं जाऊन कमी जेवलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. शेंगदाण्याची आमटी, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, आणि नको म्हटलं की तोच पदार्थ पुन्हा. पुण्यात नको म्हटल्यावर वाढत नाहीत. नगरला नको म्हणणं ही जेवणाची सुरुवात समजतात.

रात्री सुभेदाराला पोटभर मिळालं, कारण सकाळपर्यंत आठ तास होते. खरी लढाई सकाळी झाली. आम्ही निघायला लागलो आणि कुसुम एका हातात दह्याची वाटी, दुसऱ्या हातात तूप लावलेली भाकरी घेऊन दारात आडवी उभी राहिली.

"मंगे, बाजू हो. त्या कुत्र्याला दे."

"त्याला काही द्यायचं नाही."

"माझ्या दारातून उपाशी जाणार तो? मुकं जनावर ते. आम्हाला पाप लावती का?"

"कुसुम, त्याला गाडी लागते."

"एवढ्याशा दह्यानं कुठं लागती!"

"एवढ्याशा दह्यानं काय होतं, ते मला विचार," मंगला म्हणाली. आणि तिनं सुभेदाराच्या वाटणीचं दही स्वतःच्या हातावर घेऊन खाल्लं. वरून भाकरीही खाल्ली, उभ्यानं, कुसुमच्या डोळ्यांत बघत. कुसुमला तक्रारीला जागा राहिली नाही. आपल्या दारातून अन्न परत गेलं नाही, एवढ्यावर तिचं समाधान झालं.

इमामपूरचा घाट

या घाटाची मला धास्ती होती. वळणं फार नाहीत, पण आहेत ती पोटात येतात. मंगला मागं खाली बसली, सीटवर नव्हे, खाली, सुभेदाराशेजारी पोत्यावर. त्याचं तोंड तिनं उघड्या खिडकीकडं वर करून धरलं होतं. अण्णा सीटवर पाय वर घेऊन बसले. वळण आलं, की ते आधी सांगायचे, "डावं येतंय," आणि मंगला सुभेदारासकट डावीकडं कलायची. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं आत पाहिलं आणि ब्रेक लावला. काही झालंय का, असं त्यानं हातानं विचारलं. अण्णांनी रुमाल हलवून त्याला पुढं जायला सांगितलं.

वर पोचल्यावर मी गाडी थांबवली. सुभेदार उतरला, एका दगडावर पाय वर केला, खालच्या सगळ्या मुलखाचा वास घेतला. जांभई नाही. लाळ नाही. मंगलाच्या साडीला मात्र पोत्याचे धागे चिकटले होते आणि केस वाऱ्यानं विस्कटले होते. "ओकला नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, आणि त्याचा तिला रागही आला असावा, कारण पुढं पांढरीपुलापर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

सोनई

घर दोन खोल्यांचं, पुढं ओटा, दारात लिंब. शेजारच्या शेवंताबाईंनी आधीच झाडून सारवून ठेवलं होतं. अण्णा आत गेले, चूल पाहिली, खिडकी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग ओट्यावर येऊन भिंतीला पाठ लावून बसले. वर्षभर पुण्यात मी त्यांना कधी भिंतीला टेकलेलं पाहिलं नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर बसायचे.

"आलं का बेनं!" शेवंताबाई सुभेदाराला म्हणाल्या. "लई वाळलंय. पुन्यात खाया घालीत न्हाईत व्हय?"

आम्ही दोन दिवस राहिलो. मंगलानं डबे भरले, वाती वळल्या, कुठं काय ठेवलं ते अण्णांना पुन्हा पुन्हा दाखवलं. भाकरीचं शेवंताबाईंकडं ठरलं. मी मोडक्या कडीचा स्क्रू बसवला. सांगण्यासारखं आणखी काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सामान ठेवायला मी गाडीचं मागचं दार उघडलं आणि पिशवी आणायला आत गेलो. बाहेर येतो तो सुभेदार गाडीत. आपणहून. या प्राण्याला आजवर दरवेळी उचलून आत घालावं लागे. आता तो पोत्यावर नीट बसला होता, तोंड खिडकीकडं, एक कान उभा. शिकवणी पुरी झाली होती.

"सुभेदार, उतर," अण्णा म्हणाले.

त्यानं शेपूट आपटलं आणि मंगला बसते ती जागा हुंगली.

"उतर रे."

तो नाही उतरला. अण्णा दाराला हात लावून उभे राहिले. तो असेल तिथं मी, असं त्यांनीच म्हटलं होतं आणि शब्द मागं घेणारा हा माणूस नव्हे. शेवंताबाई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बघत होत्या.

"मंगल," ते म्हणाले, "आता कसं करायचं?"

तिला काही करायचं नव्हतं. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. जे दहीभातानं साधलं नाही, ते कुत्र्यानं आपणहून तिच्या पदरात टाकलं होतं. त्यात तिचं कपट नव्हतं, कुणाची फसवणूक नव्हती. अण्णा आत जाऊन कोट घालून आले असते. मी तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर माझ्या तोंडावर काय दिसलं असतं, ते मला माहीत आहे.

ती वाकली. सुभेदाराच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि त्याला उचललं. तो चांगला जड आहे. तो तिचा कान चाटत होता. तशीच ती लिंबाखालून ओट्यापर्यंत गेली आणि त्याला अण्णांच्या हातांत दिलं.

"धरा घट्ट," ती म्हणाली. "आम्ही गेल्याशिवाय सोडू नका."

मग ती पुढं, माझ्या शेजारी येऊन बसली. अण्णांचे दोन्ही हात अडकलेले होते, त्यामुळं रुमाल कुणी हलवला नाही. मी जरा वेळ वाट पाहिली.

"चला की," मंगला म्हणाली.